चाळीस दिवसांचा व्हिसा: एका इराणी घराच्या फारकतीचा अभ्यास

नवरा-बायको शेजारी शेजारी बसले आहेत. समोरचा न्यायाधीश दिसत नाही, नुसता ऐकू येतो, कारण कॅमेरा त्याच्याच खुर्चीत ठेवलाय. त्यामुळे दोघं जे काही सांगतात ते थेट आपल्या डोळ्यांत बघून. बायको, सीमीन, म्हणते की परदेशी जायच्या कागदांसाठी दीड वर्ष खेटे घातले, व्हिसा हातात आला आणि आता त्याचे चाळीस दिवस उरलेत. नवरा, नादेर, म्हणतो की तो येऊ शकत नाही. घरी वडील आहेत, त्यांना अल्झायमर आहे. सीमीन विचारते, हा आपला मुलगा आहे हे तरी त्यांना कळतं का? नादेरचं उत्तर असं की त्यांना कळत नसेल, पण ते आपले वडील आहेत हे त्याला कळतं.

इराणी दिग्दर्शक असगर फरहादींच्या 2011 च्या चित्रपटाची ही सुरुवात. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. इराणच्या वाट्याला ते ऑस्कर पहिल्यांदाच आलं. जगभर तो 'अ सेपरेशन' म्हणून ओळखला जातो, पण मूळ फारसी नाव आहे 'जोदाई-ये नादेर अझ सीमीन', म्हणजे नादेरची सीमीनपासून फारकत. इंग्रजी नावातून माणसं तर गळालीच, पण एक खूणही पुसली गेली. बॅग भरून घराबाहेर पडते सीमीन, आणि नाव सांगतं की वेगळा झाला नादेर. हा क्रम लक्षात ठेवून प्रकरण वाचलं की अर्धी गाठ सुटते.

1979 ची क्रांती आणि 1980 ते 1988 चं इराकशी युद्ध यानंतर इराणी कुटुंबं पॅरिस, लॉस एंजेलिस, स्टॉकहोम, टोरांटो अशी विखुरली, आणि इराणी कथा-कादंबऱ्या नि चित्रपट त्यांच्यामागोमाग गेले. त्यातल्या बऱ्याच गोष्टींत सीमा आधीच ओलांडलेली असते. मागे राहिलेली आई फोनवर असते, मुलं दुसऱ्या भाषेत विचार करायला लागलेली असतात. फरहादींनी स्वतः 2013 मध्ये असा एक चित्रपट पॅरिसला घडवला: तेहरानहून चार वर्षांनी परतलेला नवरा, घटस्फोटाच्या सह्या करायला आलेला. नादेर-सीमीनच्या गोष्टीत मात्र कुणी कुठे जातच नाही. विमानतळ दिसत नाही, ज्या देशाचा व्हिसा आहे त्या देशाचं नावही कुणी घेत नाही. जायचं ठिकाण असं पुसून टाकल्यामुळे 'तिकडे बरं की इकडे' हा वादच उभा राहत नाही. सीमीन म्हणते की मुलीने या परिस्थितीत वाढू नये. न्यायाधीश विचारतो, कुठली परिस्थिती? ती गप्प बसते. राजकारणाबद्दल चित्रपटात उघडपणे आलेलं ते एवढंच, आणि तेवढं पुरतं.

मग उरतं काय? घरातून एक माणूस वजा झालं तर कुणाच्या अंगावर काय पडतं, हा हिशोब. आमच्या मते या प्रकरणाचा कणा तोच आहे. म्हाताऱ्याजवळ कुठल्या वेळी कोण होतं, हे धरून गोष्ट पुन्हा पाहावी.

तास कुणाचे

घरात चौघं. नादेर बँकेत नोकरीला, सीमीन शिकवते, त्यांची मुलगी तेरमे साधारण अकरा वर्षांची आणि आजोबा. सीमीन आईकडे निघते तेव्हा आजोबा तिचा हात धरून ठेवतात. त्यांच्या तोंडून आता फार थोडे शब्द येतात, त्यांत सीमीनचं नाव आहे. तिला हात सोडवून घ्यावा लागतो. चर्चेत लोक या दृश्याला भावुक म्हणून पुढे जातात, पण पुढचं सगळं समजून घ्यायला लागणारी माहिती त्या पकडीत आहे. दिवसभर या माणसाचं बघणारी बाई कोण होती, हे तो हात सांगतो. नादेर म्हणतो की वडिलांना सोडून कसा जाऊ, आणि ते मनापासून म्हणतो. पण तो बँकेत असतो तेव्हा वडील सुनेच्या भरवशावर असतात. मुलाचं कर्तव्य सून पार पाडत होती, हे त्याच्या लक्षात येतं ते ती गेल्यावर, तेही पुरतं येत नाहीच.

रिकामी झालेली जागा पैशाने भरायची असं ठरतं. राझिए नावाची बाई कामाला येते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाकडून पहाटे निघून, बस बदलत येते. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी सोमाये आहे, पोटात आणखी एक आहे. नवरा होज्जत बूट शिवणारा कारागीर. काम सुटलंय, डोक्यावर कर्ज आहे, आणि बायको परक्या पुरुषाच्या घरी एकटी काम करते हे त्याला माहीत नाही. पहिल्याच दिवशी आजोबांचे कपडे ओले होतात. राझिए आधी धार्मिक सल्ल्यासाठीच्या क्रमांकावर फोन करून विचारते की या माणसाला आपण साफ केलं तर पाप लागेल का. मग ती आत जाते. सोमाये सांगते, मी बाबांना सांगणार नाही.

इथे थोडं थांबायला हवं. एका घरातली मोठी मुलगी आई-वडिलांमध्ये ओढली जातेय, आणि तिच्या घरी कामाला आलेल्या बाईची चिमुरडी आईसाठी बापापासून गुपित राखतेय. दोन्ही मुली सगळं पाहतात. मोठ्यांनी आपापली सोय लावायची आणि मुलांनी त्याचं ओझं वाहायचं ही रीत श्रीमंत-गरीब दोन्ही घरांत एकच आहे. फरक इतकाच की तेरमेला एक दिवस कोर्टात विचारलं जाईल. सोमायेला कुणी विचारत नाही.

बिघाड कसा होत गेला

पटकथा लिहू पाहणाऱ्याने या भागाचा कागदावर तक्ता काढावा, कारण मोठी दुर्घटना क्षुल्लक कारणांतून कशी बांधायची याचा इतका नेमका नमुना सहसा सापडत नाही.

पहिलं कारण पियानोचं. सामान हलवणारे जिन्यात अडून बसतात. ठरले त्याहून जास्त मजले उतरवायचे आहेत, जास्तीचे पैसे द्या. सीमीन ड्रॉवरमधून पैसे काढून देते आणि विसरून जाते. तेवढीच रक्कम पुढे नादेरला कमी भरते आणि चोरीचा आळ राझिएवर येतो. म्हणजे निघून जाण्याचा खर्चच मागे राहिलेल्या बाईच्या नावावर लागला.

दुसरं कारण कचऱ्याच्या पिशवीचं. पिशवी जिन्यात सांडते, राझिए ती घाण पुसायला थांबते, तेवढ्यात आजोबा घराबाहेर पडतात. ती धावते. ते रस्त्यापलीकडे वर्तमानपत्रांच्या टपरीशी आहेत, मध्ये गाड्या सुसाट. आणि इथे चित्रपट कापला जातो. पुढच्या दृश्यात सगळे घरी आहेत, काही घडलंच नसावं असे. रस्त्यात काय झालं ते आपल्याला दाखवलेलं नाही हे पहिल्यांदा बघताना ध्यानातही येत नाही. त्या संध्याकाळी राझिएला बसमध्ये भोवळ येते.

तिसऱ्या टप्प्यावर ती डॉक्टरकडे जाण्यासाठी आजोबांचा हात पलंगाला बांधून, बाहेरून कुलूप लावून निघून जाते. नादेर आणि तेरमे लवकर परततात. वडील जमिनीवर पडलेले, हात पलंगाला अडकलेला. राझिए परत आल्यावर जे होतं त्यात चोरीचा आळही मिसळतो. पैसे गेले तर चालेल पण चोर म्हणू नका, म्हणून ती दारातून हलत नाही, आणि नादेर तिला बाहेर ढकलतो. रात्री कळतं की तिचा गर्भ गेला.

आता कायदा आत येतो. इराणच्या दंड संहितेत गर्भाच्या प्रत्येक अवस्थेसाठी 'दिये', म्हणजे जिवाच्या बदल्यात द्यायची भरपाई, ठरलेली आहे. पूर्ण दिये हजार दिनार धरली तर सुरुवातीच्या अवस्थेला 20, मग 40, 60, 80, आणि हाडं-मांस धरल्यावर 100 दिनार. गर्भात जीव आला की मात्र पूर्ण माणसाच्या हिशोबाने. जीव चार महिन्यांनी येतो असं मानतात. राझिएचे साडेचार महिने झाले होते. काही आठवडे आधी जे प्रकरण भरपाईवर मिटलं असतं ते आता माणूस मारल्याचं झालं. आणि सगळा खटला एका प्रश्नावर येऊन ठेपतो: ती गरोदर आहे हे ढकलताना नादेरला माहीत होतं का?

त्याला माहीत होतं. तेरमेच्या शिकवणीच्या बाई आणि राझिए डॉक्टरबद्दल बोलत होत्या ते त्याच्या कानावर पडलं होतं. तो चौकशीत नाकारतो, कारण आपण तुरुंगात गेलो तर वडिलांना कोण बघणार. पुन्हा तेच तास, तोच हिशोब.

याच सुमारास दोन प्रसंग असे आहेत की त्यांवाचून नादेर समजत नाही. एकात तो वडिलांना न्हाऊ घालतोय. त्यांच्या पाठीला साबण लावता लावता त्याचं डोकं त्याच पाठीवर टेकतं आणि तो रडतो. म्हातारा निश्चल. दुसऱ्यात तो वडिलांना तपासणीसाठी घेऊन गेलाय. बांधून ठेवल्याचे वळ डॉक्टरला दाखवले तर उलटी केस करता येईल. तो वडिलांच्या शर्टाची बटणं काढायला लागतो, थांबतो, आणि एकेक बटण परत लावतो. खटला जिंकायला वडिलांचं शरीर पुरावा म्हणून उघडं करणं त्याला जमत नाही. खोटं बोलणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, आणि फरहादी दोहोंपैकी कुठल्याही क्षणी त्याच्यावर खेकसत नाहीत.

सही कुणाची लागते

चित्रपटावरच्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'आवडत नाही तर सीमीनने मुलीला घेऊन निघून जावं', असं सहज म्हटलं जातं. कागदावर काय लागतं ते पाहू.

इराणच्या 1973 च्या पासपोर्ट कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकाची. घटस्फोट मागायचा तर नवऱ्याला कारण द्यावं लागत नाही; 2002 च्या दुरुस्तीपासून कोर्टात अर्ज करावा लागतो एवढंच. बायकोला मात्र कारण सिद्ध करावं लागतं: नवरा पोषण करत नाही, व्यसनी आहे, मारहाण करतो, संसार असह्य झालाय. सीमीनला यातलं काहीच म्हणायचं नाही. न्यायाधीशाने विचारल्यावर ती उलट सांगते की नवरा चांगला माणूस आहे. तिचा खरेपणाच तिचा अर्ज पाडतो.

मुलीचं गणित आणखी वेगळं. ताबा आणि पालकत्व या तिथे दोन गोष्टी आहेत. 2003 च्या दुरुस्तीनंतर मुलगा असो वा मुलगी, सात वर्षांपर्यंत ताबा आईकडे, पुढे बापाकडे. मुलगी कायद्याने चांद्रवर्षं मोजून नऊ वर्षांची झाली की सज्ञान, आणि मग कुणाजवळ राहायचं ते तिने सांगायचं. अकरा वर्षांच्या तेरमेला कोर्टात विचारतात ते यामुळे. हा पटकथेसाठी रचलेला प्रसंग नाही. पालकत्व मात्र बापाकडेच राहतं, आणि बापाइतकंच बापाच्या बापाकडे. नागरी संहितेचं हे कलम वाचलं की तो पलंगावरचा म्हातारा वेगळाच दिसायला लागतो. आपलं नाव विसरलेला हा माणूस, भान हरपल्याने अधिकार गळून पडेपर्यंत, कायद्याने नातीचा पालक होता. सख्ख्या आईला ते नातं कायदा देत नाही.

म्हणजे तेरमेने शेवटी आईचं नाव घेतलं तरी तिला देशाबाहेर न्यायला नादेरची सही लागणारच. चित्रपटात आपण सीमा पाहत नाही असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. सीमा त्या घरातच आहे, नादेरच्या खिशातल्या पेनात. श्रेयनामावलीच्या वेळी पडद्यावर पासपोर्टांच्या झेरॉक्स निघताना दिसतात, प्रकाशाची पट्टी त्यांच्यावरून सरकत राहते. गोष्ट कशाबद्दल आहे ते पहिल्याच मिनिटाला सांगून ठेवलेलं आहे.

तेरमेचा गृहपाठ

नादेर मुलीचा अभ्यास घेतोय. परकीय शब्दांना फारसी प्रतिशब्द द्यायचे आहेत. 'गारंटी'ला ती म्हणते 'झमानत'. नादेर म्हणतो, हा अरबी शब्द झाला, फारसी 'पोश्तवाने'. ती म्हणते, बाईंनी असंच सांगितलंय, मार्क जातील. तो म्हणतो की जाऊ देत, चूक ती चूकच, मग ती कुणी का सांगेना.

मराठी वाचकाला हा प्रसंग जवळून कळतो. 'झमानत' आणि आपला 'जामीन' एकाच धातूचे. आपल्या कोर्टात 'फिर्याद' नोंदवतात, तो फारसीत 'आक्रोश' या अर्थाचा शब्द आहे. आणि परके शब्द काढून आपले घालायचा खटाटोप शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून आपण जाणतो. इराणमध्ये 1935 मध्ये त्यासाठी सरकारी अकादमी स्थापन झाली. शुद्धतेची ओढ असलेला बाप कसा असतो हे आपल्याला समजावून द्यायला नको.

मुलीला तो पेट्रोल पंपावरही असाच घडवतो. तिला पेट्रोल भरायला उतरवतो, सुटे पैसे न घेता परतल्यावर परत पाठवतो, आणि आणलेले पैसे तिलाच देतो. आपला हक्क मागायला शिक, असा धडा. बाप म्हणून तो सुरेख आहे. म्हणूनच पुढचं इतकं टोचतं. बाबांना माहीत होतं, हे तेरमेला हळूहळू उमगतं. ती थेट विचारते आणि तो कबूल करतो. पुढे न्यायाधीश तिला विचारतो तेव्हा ती वडिलांना वाचवण्यासाठी खोटं सांगते आणि परतताना गाडीत मुकाट रडते. मार्क गेले तरी चालतील म्हणणाऱ्या बापाची मुलगी, बापासाठीच खोटं बोलली. पिढ्यांमधला झगडा म्हटला की आपल्याला पोरांची बंडखोरी आठवते. इथे मुलगी बापाने शिकवलेल्या गोष्टीवरच उभी आहे आणि बाप तिथून सरकलाय.

तिचा स्वतःचा एक डावही आहे. ती वडिलांकडे राहते, कारण आपल्याला सोडून आई जाणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. घर जोडून ठेवायला तिच्याकडे दुसरं काही नाही, तेव्हा ती स्वतःलाच गहाण ठेवते. झमानत, म्हणाल तर हीच.

शपथ

प्रकरण मिटवायला सीमीन धडपडते. भरपाईची रक्कम ठरते, होज्जतचे सावकार साक्षीला बसतात. तिला घाई आहे ती मुलीच्या जिवाची, कारण होज्जत शाळेपर्यंत पोचलाय. नादेरला वाटतं की पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिथे बसलेल्या माणसांत एकटी राझिएच पुढे जे करते ते करायला लागणारी ताकद बाळगून आहे.

नादेर म्हणतो, कुराणावर हात ठेवून सांगा की माझ्या ढकलण्यानेच गर्भ गेला. राझिए आत निघून जाते. नादेरने ढकललं त्याच्या आदल्या दिवशी रस्त्यात म्हाताऱ्याला वाचवताना गाडीचा धक्का तिला लागला होता आणि रात्रीपासून दुखत होतं. तिने सीमीनला हे आधीच सांगितलंय, पैसे देऊ नका म्हणून. हरामाचा पैसा घरात आला तर सोमायेचं वाईट होईल, ही तिची धास्ती. होज्जत तिला विनवतो, पाप माझ्या माथी म्हणतो. ती शपथ घेत नाही. तो स्वतःला मारत बाहेर धावतो आणि नादेरच्या गाडीची काच फोडतो.

शिकल्या-सवरल्या घराने खटल्यात सत्य वाकवलं आणि सर्वस्व पणाला लागलेल्या बाईने ते वाकवलं नाही, असा सरळ अर्थ काढायचा मोह होतो. तो पूर्ण बसत नाही, कारण गाडीचा धक्का राझिएनेही इतके दिवस लपवलेलाच होता. तरी शपथेच्या घटकेला तिचा हात कुराणाकडे जात नाही, आणि तिच्या या नकाराची किंमत काय हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिचं घर पुन्हा सावकारांच्या तोंडी गेलं. सीमीन जाणार होती म्हणून जी जागा रिकामी झाली, ती भरायला आलेल्या बाईने गर्भ गमावला, अब्रू गमावली आणि वर भरपाईही गमावली. परदेशी जायच्या वादाचं सगळ्यात मोठं बिल ज्यांनी भरलं, त्यांच्यापैकी कुणाकडे पासपोर्ट असेल असं वाटत नाही.

कॉरिडॉर

शेवटी पुन्हा कोर्ट. तिघांच्याही अंगावर काळे कपडे आहेत, यावरूनच कळतं की आजोबा गेले. पहिल्या प्रसंगात न जाण्याचं जे कारण नादेरने दिलं होतं ते आता उरलेलं नाही. तरी 'चला, आता सगळेच जाऊ' असं कुणी म्हणत नाही. चाळीस दिवसांचं नावही निघत नाही.

न्यायाधीश तेरमेला विचारतो, ठरवलंस का? ती हो म्हणते. कुणाजवळ राहायचंय? ती रडते आणि विचारते, आत्ताच सांगायला हवं का. मग आई-वडिलांना बाहेर पाठवतात. इथे प्रेक्षक पैजा लावतात. बाप म्हणाली असेल, आई म्हणाली असेल. चर्चा घेणाऱ्याने त्या पैजेत पडू नये. त्याऐवजी विचारावं की तिने कुठलंही नाव घेतलं तर कुणाची सही लागेल, कुणाचे तास रिकामे होतील आणि ते भरायला कुणाला बोलावतील.

बाहेरच्या बोळात नादेर एका बाजूला, सीमीन दुसऱ्या बाजूला, मध्ये काचेचं दार. माणसं ये-जा करतात. ती दोघं एकमेकांकडे फारसं बघत नाहीत, आतल्या दाराची वाट पाहतात. त्यांच्यावरून नावं सरकायला लागतात, आणि तेरमेचा आवाज काही केल्या बाहेर येत नाही.